बोलू न देणारा

सकाळपासून क्रेन ठप्प होती आणि माझं डोकं तापलेलं. वर केबिनमध्ये माझा मेव्हणा बसला होता, क्रेन तोच चालवतो.

"स्क्रीनवर काय दिसतंय?" मी खालून पुन्हा ओरडलो.

"तेच, भाऊजी. संपर्क नाही."

"मग मूग गिळून काय बसलायस? सांगायचं ना!"

इंजिन, बूम, पंप, स्क्रीन, सगळ्यांचे कंट्रोलर तारांच्या एकाच जोडीवरून एकमेकांशी बोलतात. त्यातला एक बिघडला की तो अखंड कलकलाट करतो आणि बाकीच्यांना एक शब्द बोलू देत नाही. तो हुडकायचा तर एकेकाचा प्लग काढून बघायचं. मी इंजिनाचा काढला, परत लावला. बूमचा काढला, परत लावला. पाना आपटला. मेव्हण्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, म्हणजे बायकोच्याही. शेवटी पोटावर सरपटत आत घुसलो आणि पंपाचा प्लग उपटला. वर स्क्रीन टिंग करून जागी झाली.

"सगळे बोलायला लागले, भाऊजी!"

सापडला एकदाचा! प्लगवरची माती पुसली, हातपाय झाडले आणि शिडी चढू लागलो. केबिनमधून हसणं ऐकू आलं. तेवढ्यात मेव्हण्यानं बहिणीला फोन लावला होता, स्पीकरवर. माझी बायको काहीतरी सांगत होती आणि सांगता सांगता खळखळून हसत होती. इतकं हसते ही?

वरच्या पायरीवर माझा पाय पडला, लोखंड वाजलं.

"आले वाटतं," ती म्हणाली. "ठेवते."