माझा आवाज बसला नव्हता

मी एक जुना स्पीकर आहे. जत्रेत छाती हादरवणारा नव्हे, मित्रांनो; घरात बसून शांतपणे गाणं ऐकणाऱ्यांसाठी केलेली लाकडी पेटी. मी आणि माझा जोडीदार पुण्यात एकाच बाकावर तयार झालो. आमच्या पहिल्या मालकांनी घर बदललं, तेव्हा सम्राटने आम्हाला विकत घेतलं आणि कारेगावला आणलं.

सम्राट मूळचा खुटबावचा. कारेगावजवळच्या एका कारखान्यात तो पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर कामाला होता. त्याची भाड्याची खोली एवढीशी, की शेगडी, कपाट आणि कॉट मांडल्यावर जेमतेम चालायची वाट उरायची. प्रथम त्याने आम्हाला कपाटावर, भिंतीच्या कोपऱ्यात कोंबलं. रिकाम्या पिंपात बोलल्यासारखा आमचा आवाज घुमू लागला. सम्राट हिरमुसला, पण गप्प बसला नाही.

सुट्टीच्या दिवशी त्याने लोखंडी पट्ट्यांचे दोन स्टँड जोडून आणले. बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला आम्हाला ठेवलं, भिंतीपासून पुढे ओढलं, कॉटकडे जरासं वळवलं. आम्हा दोघांचं अंतर सारखं यावं म्हणून सुतळीने मापलं. उघड्या भिंतीवर जाड वाकळ टांगली. मग गाणं लावलं, आणि गाणारी बाई आमच्या बरोबर मधोमध येऊन उभी राहिली. तिथे तर नुसती भिंत होती!

त्याची बायको सीमा भाकरी थापता थापता थांबली. "आवं, मधी कोण बसलंय का काय?"

सम्राट हसला. "घुंगरं ऐक. पार डावीकडं वाजत्यात."

मित्रांनो, एवढं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

प्रेसवर पाळीभर धाडधाड चालायची. कानात घालायला रबरी बोळे मिळाले होते. पण ते घातले की समोरच्या सोबत्याची हाक ऐकू येत नसे, आणि हाक चुकली तर हात प्रेसखाली जायचा. म्हणून बोळे खिशातच राहत. बाहेरचे साहेब पाहणीला आले की सुपरवायझर ते घालायला लावी. साहेब गेले की त्यालाही त्याची आठवण नसे. हे सगळं सम्राटच सीमाला हसत हसत सांगायचा.

काही वर्षं गेली. एका सकाळी तो माझ्यापुढे वाकला.

"सीमा, ह्यो बसलाय गं. घुंगरं ऐकूच येईनात."

"चांगली येत्यात की ऐकू."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

मी पहिल्यासारखाच वाजत होतो. पण स्वतःची बाजू आम्हाला मांडता येत नाही. आमच्या तोंडी कायम दुसऱ्याचंच गाणं. त्याने तारा बदलल्या, आम्हाला मागे-पुढे सरकवलं, वाकळ काढली, पुन्हा टांगली. शिरूरच्या दुरुस्तीवाल्याने मला वाजवून पाहिलं आणि "काय झालं न्हाई ह्याला" म्हणून परत दिलं. शेवटी सम्राटने स्वतः पेचकस घेतला. बारीक सूर काढणारा माझा लहान पडदा धडधाकट असताना उपटला आणि त्या जागी कर्कश भोंगा बसवला. मी किंचाळू लागलो. शेजारी दार बडवू लागले.

"त्या मुक्या वस्तूला कशाला फाडताय?" सीमा ओरडली. "कानाला दाखवा तुमच्या! मी हाक मारते ती तरी कुठं ऐकू येती तुम्हाला?"

सम्राटने पेचकस खाली ठेवला. मग म्हणाला, "दाखवून काय करू? कान गेलं म्हणून डॉक्टरनं लिवलं, तर गेटवरनंच माघारी धाडतील. मग खायाचं काय?"

म्हणजे त्याला ठाऊक होतं, मित्रांनो! तरी बिघाडाचा शिक्का माझ्यावर मारला, कारण मला कामावरून कोणी काढणार नव्हतं.

पुढे त्याने आम्हाला खुटबावच्या वाटेवरच्या कासुर्डीत, ओळखीच्या बिरदेवला देऊन टाकलं. बिरदेवचं हायवेला चहाचं हॉटेल आहे. जोडीदाराला त्याने बाहेर पाटीखाली टांगलं. उन्हापावसात तो फुगून फुटला. मी आत, शेगडीजवळच्या फळीवर. वाफेने आणि तेलाने माझा मोठा पडदा कुजला. उरला फक्त चिरका सूर, नेमका सम्राटच्या कानांपर्यंत न पोचणारा.

परवा सम्राट आणि सीमा हॉटेलात आली. सीमा बिरदेवला सांगत होती, "पुण्यास्नं येतोय, कान तपासून. कंपनीच्या तपासणीत घावलं, आन् कामावरनं कमी केलं. डॉक्टर म्हणत्यात, गेलेलं माघारी येत न्हाई."

 सम्राटला बरं वाटावं म्हणून बिरदेवने गाणं लावलं. सम्राट माझ्या खालीच बसला होता. बाहेरून ट्रक चालले होते. त्याने मान वर करून मला ओळखलं.

"बिरदेव," तो मोठ्याने म्हणाला, "ह्यो कवा बंद पडला रं?"

मी वाजत होतो. गिऱ्हाइकं वळून त्याच्याकडे बघू लागली. सीमाने पदर तोंडाला लावला.

मित्रांनो, आमची धूळ पुसा, आम्हाला कोपऱ्यात कोंबू नका, एवढंच सांगायचं म्हणून मी बोलायला लागलो होतो. ते राहू द्या. माझा पडदा फाटला तर दुकानात नवा मिळतो. तुमच्या घरात कोणी रोज थोडा थोडा आवाज वाढवत असेल, तर स्पीकरला शिव्या देऊ नका. त्या माणसाला विचारा, तो दिवसभर कुठे उभा असतो.