जावयाला विचारून भरलेलं गाणं

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. झाकणाला चीर गेली आहे, बटणं पिवळी पडली आहेत, पण एकेकाळी लंडनच्या वेम्बलीत या टेपरेकॉर्डरचा भारी रुबाब होता. १९६४ साली मुंबईहून आलेल्या एझरा आणि सिप्पोरा या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू जोडप्यानं मला घरी आणलं. त्यांच्या मंडळींची मराठी कीर्तनं मी रिळांवर भरून घ्यायचो. "काय क्लिअर आवाज येतो!" असं लोक म्हणत, आणि मी फुगायचो.

१९७२च्या उन्हाळी सुट्टीत, शाळेत शिकवणारी सिप्पोरा मला घेऊन तिथली गाणी ऐकायला अलास्कातल्या एका आडगावी गेली. तिथे त्लिंगित नावाचे मूळ रहिवासी राहतात. पाण्यावर उतरणाऱ्या विमानानं माझी हाडं खिळखिळी केली, पण गाव बघण्यासारखं होतं. कुणी धुरावर मासे वाळवत होतं, कुणी लाकडी खांब कोरत होतं. आम्ही त्यांच्यातल्याच अ‍ॅग्नेसआजींकडे उतरलो होतो. एका दुपारी आजी गायला बसल्या. भरून घेऊ का, असं सिप्पोरानं त्यांच्या जावयाला विचारलं. आपल्याकडे घरातल्या कर्त्या पुरुषाला विचारतात ना, तसंच. तो म्हणाला, "माझी काही हरकत नाही." तिनं बटण दाबलं. तसा आवाज मी जन्मात भरला नव्हता.

परत आल्यावर सिप्पोरानं हे गाणं ऐकवायला हॉल बुक केला. शंभर जणांना आमंत्रणं गेली, आणि आजींच्या मुलीचं पत्र आलं. 'हे गाणं आमच्या कुळाचं आहे. आमच्यात कूळ आईकडून चालतं. माझा नवरा दुसऱ्या कुळाचा, त्याच्या हो म्हणण्याला अर्थ नाही. आई फार आजारी आहे. कुणाला न ऐकवता रीळ परत पाठवा.'

"अगं, एकदाच वाजव," एझरा म्हणाला. "इथून अलास्काला कोण सांगायला जातंय?"

"अहो, मला माहीत आहे ना!" सिप्पोरा रडकुंडीला आली. "सगळ्यांना सांगत सुटले होते मी. आता तोंड कसं दाखवू?"

"मग एक कॉपी तरी ठेव."

"कॉपी पण त्यांचीच ना हो?"

खरं सांगतो, मला तिचा रागच आला. माझी आयुष्यभराची कमाई ती पार्सलात बांधत होती! हॉलमध्ये तिनं उभं राहून आपली चूक सगळ्यांना सांगितली. काही जण चहासुद्धा न घेता निघून गेले.

दोन महिन्यांनी पुन्हा पत्र आलं. अ‍ॅग्नेसआजी वारल्या होत्या. शेवटच्या दिवसांत त्यांचा आवाज पार बसला होता. मग त्यांनी आपल्या मुलीच्या मुलांना ते रीळ लावून दिलं, पोरं त्यावरून गाणं शिकली आणि आजींच्या उशाशी बसून गायली. सिप्पोरानं पत्र मोठ्यानं वाचलं आणि एझरा मान खाली घालून बसला. माझा राग तेव्हा गेला.

मित्रांनो, कुणाचं काही जपायला घ्याल तेव्हा आधी ते कुणाचं आहे, हे नीट विचारा. सिप्पोराला ती चाल अजून पाठ आहे. भांडी विसळताना ती नकळत ओठांवर येते, आणि सिप्पोरा चटकन नळ मोठा सोडते.