रंभाबाईच्या कमरेची डबी

वैनगंगेच्या काठी कारधा गाव. तिथं एक होती रंभाबाई. तिचा एक लेक होता धर्मेंद्र, लेकाची बायको होती रक्षा, आणि रंभाबाईच्या कमरेशी लुगड्यात खोचलेली एक पितळेची डबी होती. ती डबी मीच. एका बाजूला तंबाखू, दुसऱ्या बाजूला चुना. दोन तोंडांची आहे, पण बोलते आहे आज पहिल्यांदाच.

भंडाऱ्याच्या एका कासारानं मला ठोकून ठोकून घडवलं. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, तशा एका मंडईत रंभाबाईच्या नवऱ्यानं, भैय्यालालनं, मला तिच्यासाठी घेतलं. तेव्हा ती नवी नवरी होती. पुढं भैय्यालाल गेला, मी राहिले. रंभाबाईचा अंगठा माझ्या झाकणावर इतकी वर्षं फिरला की तिथलं नक्षीकाम पार पुसून गेलं.

धानाच्या रोवणीत, रोपं लावायच्या दिवसांत, माझा खरा मान. चिखलात वाकलेल्या बाया कंबर सरळ करायला उभ्या राहिल्या की कोणीतरी हाक मारायची, "रंभाबाई, डबी काढ वो." मग मी या हातातून त्या हातात फिरायची आणि चिखलाची बोटं अंगावर घेऊन परत कमरेला यायची. मला ते फार आवडायचं.

मग घरात रक्षा आली. मोहाडीची पोर, बारावी सायन्स झालेली. कॉलेजचं म्हणता म्हणता लग्न झालं. इथं आल्यावर तिनं घरी बसूनच बी.एस्सी.चं नाव घातलं, तेही रसायनशास्त्रात. टपालानं पुस्तकांचं पार्सल आलं. रंभाबाईनं ते हातात तोलून पाहिलं.

"मास्तर कुठी आहे या शाळेचा?"

"मोबाइलात आहेत, आई."

"मंग त्याले चहा कसा पाजशीन?"

धर्मेंद्र ऑटो चालवायचा, भंडारा ते कारधा. तो म्हणायचा, "रसायन शिकून काय करशीन? भाजीत टाकशीन?" पण रिचार्ज तोच मारून द्यायचा.

पुस्तकं घरी आली, मास्तर मोबाइलात आला. हाताला मात्र काहीच आलं नाही. रक्षाचं सगळं मन एका काचेच्या नळीत अडकलेलं. बुरेट म्हणतात तिला. उंच, सरळ, खाली बारीक तोटी, थेंब थेंब सोडणारी. बारावीत ती एकदा हातात आली होती, बस. भात शिजत असताना रक्षा हवेतच ती तोटी फिरवून पाहायची. प्रॅक्टिकलसाठी वर्षातून एकदा नागपूरच्या केंद्रावर जायचं, तिथं जे हात चालतील ते चालतील. त्यात पास नाही तर पदवी नाही.

एका दुपारी ती रंभाबाईजवळ आली. "आई, थोडा चुना द्या न."

"तूही लागली का तंबाखूले?"

रक्षानं माझ्यातला चुना पाण्यात कालवला, खाली बसू दिला आणि वरचं निवळ पाणी काढलं. काचेच्या कपात लिंबाचा रस, त्यात चिमूटभर हळद. मग खोकल्याच्या औषधाच्या ड्रॉपरनं ते निवळ पाणी थेंब थेंब सोडू लागली. पिवळं होतं ते पिवळंच राहिलं, आणि एकाएकी लाल झालं.

रंभाबाई पुढं सरकली. "हे तं कुंकू झालं वो. माह्या आजीनं घरीच कुंकू केलं, हळद अन् चुना घालून. कालेजात हेच शिकवतेत हे मालूम असतं, तं मी कवाच पास झाली असती."

तेव्हापासून रोज दुपारी कपात कुंकू व्हायचं. शेतात मात्र माझी एक बाजू रिकामी निघायची. रंभाबाईला दुसरीजवळ चुना मागावा लागायचा आणि बाया हसायच्या, "सून तुले चांगलाच चुना लावून राहिली, रंभाबाई."

"लावू दे न," ती म्हणायची, "तुह्या सुनेले तेवढंही येत नाही."

याच दिवसांत रंभाबाईचं तोंड आलं. तिखटाचा घास लागला की डोळ्यांत पाणी. रक्षानं मोबाइलचा उजेड पाडून पाहिलं तर गालाच्या आत पांढरा चट्टा. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं सांगितलं, तंबाखू-चुना आजच बंद करा. रंभाबाई ऐकते कुठं. साखरेसोबत पोळी खायची, पण मला सोडायची नाही. रक्षा मागंच लागली, तेव्हा ती वैतागून बोलली, "तू पास हो, मी डबी सोडतो. झालं?"

मी कमरेशीच होते. सगळं ऐकलं. ज्या परीक्षेसाठी माझा चुना जात होता, तिच्या निकालावर आता माझंच राहणं न राहणं आलं.

नागपूरचं बोलावणं आलं ते ऐन रोवणीत. धर्मेंद्र म्हणाला, "बाया भेटून नाही राहिल्या, अन् हे नागपूरले चालली."

"तिची पात मी धरतो," रंभाबाई म्हणाली. "तू तिले बसवर सोड."

आणि खरंच, तिनं दोघींची पात, दोघींच्या वाट्याची रोपं, एकटीनं लावली. मधेच उभी राहून रस्त्याकडं पाहायची, मला काढायची, पुन्हा ठेवायची.

रक्षा परतली ती तोंड धुवायच्या निमित्तानं बराच वेळ नळाशी उभी राहिली. मग सांगितलं. तिथं हळद नव्हती, दुसरंच पाण्यासारखं औषध होतं. बुरेटीतून थेंब पडत गेले. तिच्या डोळ्यांत आपल्या घरचा लाल रंग बसलेला. तो येईपर्यंत ती सोडतच गेली, दर वेळी. "त्यांना फिका गुलाबी पाहिजे होता, आई. आहे की नाही वाटावं, असा. परीक्षा घेणाऱ्या बाई म्हणाल्या, तू तर कुंकू करून ठेवलं. नापास झाली मी."

रंभाबाईनं मला काढलं, तंबाखू मळला, तोंडात टाकला आणि डोळे मिटून घेतले. तोंड जळत होतं.

पुस्तकं ट्रंकेत गेली. माझी चुन्याची बाजू आता भरलेली राहायची, कोणी मागत नव्हतं. मला त्या दुपारांची आठवण यायची. लिंबाचा वास, कप हलवल्याचा आवाज, दोघींची डोकी एकमेकींना टेकलेली. चुना माझ्यात तसाच वाळून भेगाळला. रंभाबाईचा घास दिवसेंदिवस लहान होत गेला.

धान कापून झालं आणि एक दिवस रंभाबाईनंच लिंबू चिरलं. कपात पिळलं, हळद टाकली, मला उघडून पुढ्यात ठेवलं.

"फिका म्हणजे केवढा फिका? दाखव मले."

रक्षा उठत नव्हती. "हळदीत नाही दिसत तसा, आई."

"नाही दिसत तं नाही. बस तं खरी."

ती बसली. थेंब पडला, जिथं पडला तिथं लाली आली, कप हलवताच गेली. पुन्हा थेंब, पुन्हा लाली, पुन्हा गेली. मग एका थेंबानंतर हलवलं तरी लालीची झाक राहिली.

"टाक आणखी," रंभाबाई म्हणाली, "कुंकू नाही झालं अजून."

रक्षाचा हात थांबला होता. "नाही आई. रंग जायचा थांबला, की आपणही थांबायचं."

मग ट्रंक उघडली. पुढच्या रोवणीपर्यंत त्या दोघी थांबायला शिकत होत्या. रंभाबाई रोज म्हणायची टाक आणखी, आणि रक्षा रोज थांबायची.

पुढच्या खेपेला ती पास झाली. पुढं पदवीही झाली. प्रॅक्टिकल पास झाल्याचा निकाल मोबाइलवर आला, त्याच संध्याकाळी रंभाबाईनं माझ्यातला तंबाखू खताच्या खड्ड्यात झटकला, चुना खरवडला, चिंचेनं मला घासलं आणि फळीवर ठेवलं. कोणी आठवण करून दिली नव्हती.

आता रक्षा मोहाडीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला आहे. पोरींच्या हातात बुरेट तीच देते. धर्मेंद्र तिला बसपर्यंत सोडतो आणि सवाऱ्यांना सांगतो, "मॅडम आहे, सरका थोडं." रंभाबाईच्या गालातला चट्टा गेला. डॉक्टरनं पाहून सांगितलं.

माझं म्हणाल तर मी चमकते आहे, रिकामी आहे. रक्षाबाई, एक मागणं आहे. एखाद्या दिवशी मला पिशवीत घालून ने. ती काचेची नळी मी अजून पाहिली नाही.

संध्याकाळी दोघी ओसरीवर बसतात. बोलता बोलता रंभाबाईचा अंगठा आपसूक कमरेकडं जातो, लुगड्यात चाचपतो, मला शोधतो. मी फळीवरून पाहते. हाती काही लागत नाही, तशी ती हसते आणि सुनेला म्हणते, "वाढ वो, भूक लागली. अन् ठेचा घे माह्या पानात."