दोन बोटे तोकडा पूल

मित्रांनो, मी एक जुना पूल आहे. पण माझ्यावरून आजवर कोणीही नदी ओलांडलेली नाही. पातळ लाकडी पट्ट्या, पुठ्ठा आणि ताणून बांधलेला दोरा एवढेच माझे शरीर. शहरातल्या नदीवर नवा पूल बांधायचा होता. त्याच्या स्पर्धेसाठी नमुना म्हणून मला घडवले आणि मी ती स्पर्धा हरलो.

मला घडवणारी दोघे सख्खी भावंडे. दोघेही इंजिनीअर. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांनी कार्यालय थाटले होते. दादा भलताच शिस्तीचा. पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवायचा. धाकट्या बहिणीला तो ठमी म्हणायचा. तिच्या टेबलावर पट्टी शोधायची तर आधी सगळे टेबल उपसावे लागे. एका टेबलावर दोघांचे दोन घटकाही पटत नसे. म्हणून त्यांनी एक पद्धत पाडली होती. डाव्या काठापासून दादा काम सुरू करी, उजव्या काठापासून ठमी, आणि मध्यावर दोघे भेटत.

असा मी दोन ठिकाणी वाढू लागलो. माझे अर्धे अंग पुढच्या खोलीत, अर्धे स्वयंपाकघरातल्या टेबलावर. भिंतीपलीकडून लाकूड घासल्याचा आवाज आला की मी कासावीस होई. तिकडचा मी कसा दिसत असेन? आम्ही एकमेकांना शोभू ना?

माझ्या मधोमध थोडी रुंद जागा असणार होती. दमलेल्या माणसाने तिथे जरा टेकावे, पाणी पाहावे, मग पुढे जावे. ती जागा दोघांचीही लाडकी. दादाला वाटले, कल्पना ठमीची आहे, तीच करील. ठमीला वाटले, मापे दादाने काढली आहेत, तोच करील. विचारले मात्र कोणीच नाही.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी माझे दोन्ही अर्धे भाग समोरासमोर ठेवले आणि दोघे बघतच राहिले.

"मधला भाग कुठाय?" दादाने विचारले.

"म्हणजे? तुझ्याकडे नाही?"

"माझ्याकडे कसा असेल? टेकायची जागा तुझी!"

"अरे, मापाचं मी बघतो, असं तूच म्हणालास ना?"

दारातून आई म्हणाली, "लहानपणीही हेच. दिवा कोणी बंद करायचा यावरून वाद, आणि दिवा आपला चालूच."

आता नवा भाग करायला वेळ नव्हता. त्यांनी मला दोन्हीकडून ओढले आणि घाईघाईने मध्यावर चिकटवून टाकले.

स्पर्धेच्या दालनात नदीचे प्लास्टरचे पात्र मांडले होते. प्रत्येक पूल त्यात बसवून दाखवायचा, असा नियम होता. बाकीचे पूल ऐटीत बसले. मला ठेवले, तर डावा काठ मिळाला आणि उजवा पाय दोन बोटे अलीकडेच लटकला.

"इथून पुढे पोहत जायचं वाटतं," एक परीक्षकबाई म्हणाल्या. सगळे हसले. ठमीनेही हसायचा प्रयत्न केला आणि दादाची बाही धरली. त्याने ती सोडवून घेतली.

हरलेल्या पुलांची रवानगी मागच्या गोदामात झाली. ठरल्या मुदतीत न्यायला कोणी आले नाही, तर मोडून टाकणार होते. एकेक पूल आपल्या माणसांच्या काखेत बसून निघून गेला. दाराशी पाऊल वाजले की मला वाटे, आलेच! पण ते भलत्याचेच निघे. गोदाम सांभाळणाऱ्या मावशी मला म्हणत, "तुला कोणी वाली नाही वाटतं, बाबा."

मुदतीच्या शेवटच्या दुपारी ठमी धापा टाकत आली. पाठोपाठ दारात दादा.

"तू कशी इथे? मला वाटलं, तू केव्हाच नेला असशील," तो म्हणाला.

"आणि मला वाटलं, तू."

मग दादा खाली बघत म्हणाला, "ठमे, मला नोकरीचं विचारलंय. उद्या हो म्हणून कळवणार आहे. आपलं दोघांचं काही जमत नाही."

मावशींनी किल्ल्या वाजवल्या. "भांडण घरी करा. नेताय, की मोडू?"

"नेतोय!" ठमी म्हणाली. "उद्या कळवणार ना? मग आज हे टोक धर."

दादाने टोक धरले. भर रस्त्यातून दोघे मला घेऊन निघाले.

"हळू चाल की!"

"तूच हळू. मी उलटी चालतेय!"

माझा प्रत्येक सांधा करकरत होता. वाटेत एक अरुंद वळण आले. दादा थांबला. मला तिरपे धरून त्याने विचारले, "आधी तू वळतेस, की मी वळू?"

एवढासा प्रश्न! पण ठमीने चमकून त्याच्याकडे पाहिले. "आधी तू," ती म्हणाली, "मी धरलंय."

दादा त्या नोकरीवर गेला नाही.

मित्रांनो, फसलेले काम लाजेने फेकून देऊ नका. धूळ पुसून जवळ ठेवा आणि ते कुठे अडले हे नीट पाहा. आणि दोघांनी मिळून काही करायला घेतलेत, तर दुसरा करील असे मनात धरून बसू नका. तोंडाने विचारा.

आता मी त्यांच्या खिडकीत असतो. दोघांची भांडणे ऐकत मी सुखात राहतो. पण कधी दोघेही खाली मान घालून काम करत राहतात, खोलीत चिडीचूप होते, आणि माझा जीव अजूनही खालीवर होऊ लागतो. बोला ना रे, कोणीतरी बोला!