शेवटची रांग उभी राहिली

ताई निवडून आली तेव्हा सगळ्यांत मोठा धक्का तिच्या पक्षालाच बसला. ती जागा पडणारच, असं धरून त्यांनी तिला उभं केलं होतं. ताई औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची. कोणाला कोणती गोळी सोसत नाही आणि कोणाचं सुनेशी पटत नाही, दोन्ही तिला तोंडपाठ. लोकांनी भरभरून मतं दिली.

सभागृहात तिला अगदी शेवटच्या रांगेत, खांबाशेजारचा बाक मिळाला. पक्षातले लोक त्या रांगेला ‘झोपेची रांग’ म्हणायचे. तिथल्यांकडून एकच अपेक्षा असायची: मतदानाच्या वेळी जागं राहा आणि प्रतोद सांगतील तसं करा. प्रतोद म्हणजे पक्षाच्या सदस्यांना दावणीला बांधून ठेवणारा माणूस.

ताईला काही झोप आली नाही. पुलाचा तुटलेला कठडा, शाळेतलं गढूळ पाणी, दवाखान्याची बंद लिफ्ट, एकामागून एक प्रश्न. मंत्र्यांचं उत्तर ठरलेलं, ‘माहिती घेण्यात येत आहे.’ ताई घरी आली की ते उत्तर मला करून दाखवायची. डोळे अर्धे मिटायचे, पोटावरून हात फिरवायचा, मान डोलवायची. आम्ही दोघी हसून हसून लोळायचो.

करून दाखवायची, कारण मला जन्मापासून ऐकू येत नाही. आमच्या घरात सगळे हातांनी बोलतात. भांडतातही हातांनीच, त्यामुळे शेजाऱ्यांना आमच्याबद्दल फारसं काही कळत नाही.

ताई राजकारणात यायच्या आधीची गोष्ट. एका दुपारी मी आणि बाबा दोघंच घरी होतो. बाबा स्वयंपाकघरात कोसळले. तोंड वाकडं झालं होतं. मी मदतीचा सरकारी नंबर लावला, पण पलीकडे कोणी उचलला का, काय विचारतंय, हे मला कळणार कसं? मी नुसती ओरडत राहिले. माझा आवाज कसा लागतो, मला माहीत नाही. नंतर कळलं की पलीकडच्या माणसाला ती कोणाची तरी चेष्टा वाटली आणि त्याने फोन ठेवला. मी जिन्यात धावत जाऊन दिसेल ते दार बडवलं. शेवटी तळमजल्यावरच्या शिंप्याने आपली गाडी काढली. बाबा वाचले. उजवा हात मात्र गेला. तेव्हापासून ते एका हाताने बोलतात. जरा तोतरं बोलतात, पण गप्प काही बसत नाहीत.

म्हणून ताईने विधेयक आणलं. मंत्री नसलेल्या सदस्यालाही आपलं विधेयक मांडता येतं. त्यासाठी आठवड्याच्या शेवटची दुपार राखलेली असते, म्हणजे नेमकी सगळ्यांची घरी पळायची वेळ. ताईची मागणी साधी होती. मदतीच्या नंबरावर लिहून निरोप पाठवता यावा, आणि तो वाचून उत्तर द्यायला तिथे माणूस बसलेला असावा.

आदल्या दिवशी प्रतोद आमच्या घरी आले. खुर्चीच्या कडेवर टेकूनच बोलले.

“ताई, भाषण करा, छान करा. मंत्रिमहोदय आश्वासन देतील. मग आभार मानून विधेयक मागे घ्या. रीतच आहे तशी.”

“कधीपर्यंत करणार, ते सांगतील का?” ताईने विचारलं.

“अहो, सरकार आपलंच आहे. आपल्याच सरकारला तारीख विचारायची?”

“औषधाच्या बाटलीवरसुद्धा तारीख असते, साहेब. सरकार आपलं असलं म्हणून काय झालं?”

बाबांनी हे सगळं मला डाव्या हाताने सांगितलं आणि प्रतोदांना चहा आणखी हवाय का, असं मुद्दाम मोठ्या प्रेमाने विचारलं. त्यांना नको होता.

दुसऱ्या दिवशी मी आणि बाबा प्रेक्षक गॅलरीत जाऊन बसलो. खाली निम्मे बाक रिकामे. ताई उभी राहिली. बाबा मला तिचं एकेक वाक्य सांगू लागले. तेवढ्यात गणवेशातला रक्षक आला आणि बाबांचा हात धरून खाली केला. गॅलरीतून इशारे करायला मनाई आहे, म्हणाला.

ताईने खालून ते पाहिलं. पुढचं बोलणं बाबांनी मला नंतर सांगितलं. स्वतःचं भाषण थांबवून तिने हरकतीचा मुद्दा घेतला.

“अध्यक्षमहोदया, वर माझे वडील इशारे करत नाहीत. ते माझ्या बहिणीशी बोलताहेत.”

अध्यक्षबाईंनी चष्म्यावरून वर पाहिलं. “सन्माननीय सदस्या, गॅलरीत बोलायलाही मनाईच आहे.”

सभागृहात हशा पिकला. मला खांदे हलताना दिसले. त्या हशात मी कधी नव्हे इतकी अवघडून गेले. पण अध्यक्षबाई हसत नव्हत्या. त्या म्हणाल्या, “या सभागृहात काय चाललंय, ते प्रेक्षकाला कळलं पाहिजे, म्हणून गॅलरी आहे. त्यांना कळण्याची दुसरी सोय आपण केलेली नाही. वडिलांना बोलू द्या. आणि पुढच्या अधिवेशनापर्यंत ती सोय करा.”

रक्षक मागे सरला. बाबांचा हात पुन्हा वर आला, आता चांगला खांद्याच्याही वर.

बाबा कोसळले त्या दुपारचं सगळं ताईने सांगितलं. रडली नाही, आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाली, “माझ्या बहिणीला ऐकू येत नाही, हे आम्ही कधीच मान्य केलंय. सरकारलाही येत नाही, हे मी मान्य करणार नाही.”

पेपर वाचत बसलेल्या एकाने पेपर खाली ठेवला.

मंत्री उठले. सरकार सकारात्मक आहे, म्हणाले. योग्य वेळी योग्य तो निर्णय होईल. अध्यक्षबाईंनी ताईला विचारलं, “आपण विधेयक मागे घेता का?”

पुढच्या बाकावरून प्रतोद पूर्ण मागे वळून बसले होते. त्यांचा चेहरा वाचायला कोणाच्या मदतीची गरज नव्हती.

“नाही,” ताई म्हणाली. तो शब्द मी तिच्या ओठांवरच वाचला.

आधी आवाजी मतदान झालं. ‘नाही’वाले जास्त ठरले. ताईने मोजून मतदान मागितलं. बाजूने असतील त्यांनी आपापल्या जागी उभं राहायचं होतं. विरोधी पक्षाचे उभे राहिले. आमच्या बाजूला एकटी ताई.

मग तिच्या शेजारचे एक धिप्पाड गृहस्थ उठले. त्यांना सगळे ‘पैलवान’ म्हणायचे, आणि आजवर ते सभागृहात घोरल्याबद्दलच प्रसिद्ध होते. त्यांच्या मागोमाग पलीकडच्या बाई उठल्या. मग आणखी एक. अख्खी झोपेची रांग उभी राहिली! प्रतोद हात खाली करून करून सगळ्यांना ‘बसा, बसा’ सांगत होते. त्यांचे इशारे मात्र रक्षकाने थांबवले नाहीत.

विधेयक दोन मतांनी पडलं.

मी बाबांकडे वळले, तर ते धाय मोकलून रडत होते. हरलो म्हणून असेल, असं मला वाटलं. त्यांनी डोळे पुसले आणि त्याच ओल्या हाताने सांगितलं, “माझी पोरगी बघितलीस?”

ताई सभागृहाच्या एका समितीवर होती, पक्षाने तिला तिथून काढलं, खुलासा मागितला. रांगेतल्या इतरांनाही बोलणी बसली. पण स्वतःचीच अख्खी रांग उलटली, ही गोष्ट मंत्र्यांच्या जिव्हारी लागली होती. पुढच्या अधिवेशनात सरकारनेच विधेयक आणलं. थोडे शब्द बदलले होते, बाकी मजकूर ताईचाच. ते एकमताने मंजूर झालं. मंत्र्यांनी अधिकाऱ्यांचे आभार मानले, तज्ज्ञांचे मानले, जनतेचेही मानले. ताईचं नाव कुठेच नव्हतं.

हे सगळं मला गॅलरीत नव्याने नेमलेल्या दुभाषी बाईंनी सांगितलं. दोन्ही हातांनी, स्वच्छ. बाबा शेजारी बसून त्यांच्या चुका काढत होते.

बाहेरच्या व्हरांड्यात ताई भेटली तेव्हा मी फणफणत होते. “तुझं नावसुद्धा घेतलं नाही!”

“नाव कशाला हवंय? नंबर लागला, झालं,” ती हातांनी म्हणाली. डोळे मात्र चमकत होते, आणि ती नेहमीपेक्षा ताठ चालत होती. मीही.

तेवढ्यात पैलवान समोर आले. माझ्यापुढे थांबले, घसा खाकरला, मग ते माझ्या उपयोगाचं नाही हे लक्षात येऊन ओशाळले. त्यांनी ताईकडे बोट दाखवलं आणि भुवया उंचावल्या. हिला तुमच्या भाषेत काय म्हणता?

मी दाखवलं. हनुवटीला बोट लावायचं, मग मूठ छातीवर. त्यांनी करून पाहिलं. बोट चुकून नाकाला लागलं. मी मान हलवली. त्यांनी पुन्हा केलं. मागून झोपेच्या रांगेतले बाकीचे येऊन उभे राहिले आणि तेही करू लागले. भर व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, एवढी मोठी माणसं माझ्या ताईचं नाव गिरवत होती.