व्याह्यांची व्हिस्की आणि ह्यांचं नाक

आमचे होणारे व्याही सिंगल माल्ट पितात आणि सोबत सिगार ओढतात, हे कळल्यापासून आमच्या माधव नगरच्या घरात जी धावपळ सुरू झाली, तशी निहारिकाच्या बारावीलाही झाली नव्हती. सुधाकरराव जहाजावर चीफ इंजिनियर होते, आता निवृत्त होऊन पुण्यात असतात. त्यांच्या अनयशी आमच्या निहारिकाचं जमलं होतं, आणि साखरपुड्याची तारीख ठरवायला ते आणि केतकीताई उज्जैनला येणार होते.

निहारिकाने सोफ्याची कव्हरं बदलली, टावर चौकातून काचेचे ग्लास आणले आणि जाता जाता बापाला म्हणाली, "बाबा, डेअरीचं फार सांगत बसू नका हं." हे नुसतं "ठीक आहे" म्हणाले. माझं मात्र डोकं फिरलं. ज्या नोकरीवर ही शिकली, तिचीच हिला लाज.

ह्यांची नोकरी दूध संघात. पहाटे गावागावांतून दुधाचे कॅन यायचे. एकेक झाकण उघडून वास घ्यायचा आणि सांगायचं, पास की परत. एकतीस वर्षं हेच. नाक शाबूत राहावं म्हणून माणूस तंबाखूच्या वाटेला गेला नाही, दारूचं तर नावच नको. कालची भाजी मी कितीही फोडणी देऊन नवी केली, तरी ह्यांना फाटकातच कळायचं. अशा माणसाबरोबर संसार करणं काय असतं, ते मला विचारा.

पाहुणे आले. संध्याकाळी सगळे गच्चीवर बसलो. बाटली सुधाकररावांनी पुण्याहूनच आणली होती. तीन सिगार त्यांनी टेबलावर ओळीने मांडले आणि जोडी कशी जमवायची ते समजावलं. आधी एक घोट, मग एक झुरका, आणि दोघांपैकी कुणी कुणाला दाबता कामा नये. आम्हा नवराबायकोलाही हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

हे म्हणाले, मी घेत नाही. सुधाकरराव हसून म्हणाले, मग नुसता वास घ्या. मनाने चांगला माणूस, पण त्या हसण्यात 'तुम्हाला काय कळणार' असं थोडं होतंच. मला ते झोंबलं.

ह्यांनी ग्लास नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"धुरकट आहे," हे म्हणाले. "पण लाकडाचा धूर नाहीये हा. माटी जळलीये, गवताच्या मुळांसकट."

सुधाकररावांचा हात तसाच थांबला. तिकडे स्कॉटलंडमध्ये दलदलीतली माती वाळवून जाळतात आणि त्या धुरावर धान्य सुकवतात, असं त्यांनी सांगितलं. हा फरक ओळखायला त्यांना स्वतःला दहा वर्षं लागली होती.

मग ह्यांनी न विचारताच सिगार उचलले. पहिला हुंगला, दुसरा हुंगला, तिसरा बाजूला ठेवला. "हा नका लावू. डांबरगोळीचा वास बसलाय."

तो सगळ्यात महागडा होता. सुधाकररावांनी दोनदा हुंगून पाहिला, त्यांना काहीच वास येईना, आणि त्यांचा चेहरा उतरला. निहारिकाने टेबलाखालून माझा हात घट्ट धरला. ठरलेलं मोडतंय की काय, असं मलाही वाटून गेलं. तेवढ्यात केतकीताईंनी शेवेची बशी हळूच खाली ठेवली. निहारिकासाठी आणलेला शालू डांबरगोळ्यांसकट सिगारच्याच बॅगेत होता, आणि डबीतून घरंगळलेला एक सिगार आपण गुपचूप परत आत सारला, असं त्यांनी कबूल केलं. सुधाकरराव डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"प्रभाकरराव, हे शिकलात कुठे?" त्यांनी विचारलं.

ह्यांनी एकदा निहारिकाकडे पाहिलं. "असंच. शौक आहे."

तो शौक ऐकून मला रडूच आलं. मी तोंड उघडणार, तोच निहारिका बोलली.

"शौक नाही, काका. बाबा दूध संघात होते. एकतीस वर्षं कॅनची झाकणं हुंगून दूध पास करायचे. मीच म्हटलं होतं, सांगू नका."

सुधाकरराव उठले, बाटली आणि उरलेले दोन सिगार त्यांनी ह्यांच्यासमोर सरकवले आणि म्हणाले, "मग तुम्हीच सांगा, कुठला लावू?"

हे खुर्चीवरून उभे राहिले. हे काम बसून होत नाही म्हणाले. बाह्या दुमडल्या. ग्लास, सिगार, परत ग्लास, दुसरा सिगार. एकाला म्हणाले परत, एकाला म्हणाले पास. सुधाकररावांनी पास झालेला पेटवला, घोट घेतला आणि बराच वेळ डोळे मिटून मान डोलावत राहिले. निहारिका बापाच्या दंडाला धरून उभी होती.

एकतीस वर्षं मी ह्यांचा डबा भरला, पण ह्यांना कामावर कधी पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी पाहिलं. फार देखणे दिसत होते.