अव्वाच्या देव्हाऱ्यातला समुद्र

मी एक काळा दगड बोलतोय. शपथेवर सांगतो, यातलं अक्षरही खोटं नाही. जन्म माझा इथलाच, सोलापूरचा. म्हणजे, जन्म नाही, मुक्काम. जन्म अटलांटिक समुद्राच्या तळाशी. वय नऊ कोटी वर्षं, दगडांत हे मध्यमवय. पण बाकीचं अगदी खरं!

दगड होण्याआधी मी चिखल होतो. अंगात किडे बिळं करायचे, पाठीवर खेकडे दंगा घालायचे. सगळा गाळ ढवळून ठेवायचे, पण घर भरलेलं असायचं. मग समुद्राखालचे ज्वालामुखी पेटले, हवा बिघडली, पाणी तापलं. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी मावतो. त्यात वर शेवाळ माजलं, मेलं, खाली येऊन कुजलं, आणि उरलासुरला प्राणवायू त्या कुजण्यात संपला. माझे भाडेकरू पसार झाले. निरोपसुद्धा नाही! ढवळायला कोणी उरलं नाही, म्हणून गाळ थरावर थर बसत गेला, दुकानात रचलेल्या चादरींच्या घड्यांसारखा. हा मला बसलेला पहिला दगा.

दुसरा दगा काव्याचा.

संशोधकांनी जहाजातून पोकळ नळी सोडून मला वर काढलं. समुद्राचा श्वास नेमका कधी कोंडला, ते सांगणारे थर फक्त माझ्याच तुकड्यात शाबूत निघाले. काव्या ही सोलापूरची संशोधक पोरगी. मला कोरड्या कापडात गुंडाळताना म्हणाली, "तुझं म्हणणं मी सगळ्यांना ऐकवणार." वर काढून सुकल्यावर माझे थर पाण्यानं सुटायला लागतात, म्हणून मला पाण्याचा थेंब काय, बोटाचं तेलही लागू द्यायचं नव्हतं. हैदराबादच्या प्रयोगशाळेत जाताना ती दोन दिवस घरी थांबली, सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ.

तिची आई ईरम्मा, घरात सगळे तिला अव्वा म्हणतात. घर लिंगायत; काव्यानं शिकायला गेल्यावर गळ्यातलं लिंग काढून ठेवलं, ते अव्वाच्या मनाला लागलं होतं. येता-जाता पोरीच्या गळ्याकडे बघायची. त्या सकाळी काव्या आंघोळीला गेली आणि अव्वानं धुण्यासाठी तिची बॅग उपसली. कापडात निघालो मी. काळा, गोल, गुळगुळीत, मुठीएवढा.

काव्या बाहेर आली तेव्हा मी देव्हाऱ्यात होतो. डोक्यावर तांब्याभर पाणी, त्यावर विभूती, त्यावर बेल.

"काय ग, लिंग बॅगेत घिऊन हिंडतीस, आन् मला बोलली न्हाईस व्हय?" अव्वाच्या डोळ्यांना धार लागली होती.

वडील प्रभुलिंग चष्मा पुसत म्हणाले, "अगं, नुसता दगड दिसतोय की त्यो."

"तुमी गप बसा की! पोरगी सुधारली तर तुमच्या पोटात का दुखतंय?"

मी काव्याकडे बघत होतो. बोल बाई! अजून पुसलंस तर आतले थर वाचतील. नऊ कोटी वर्षं थांबलोय, आता तरी सांग मी कोण आहे ते!

काव्यानं मला उचललं. ओला भाग अंगठ्यानं चाचपला. एक पापुद्रा तिच्या बोटाला चिकटून आला.

"व्हय अव्वा," ती म्हणाली, "लिंगच हाय." आणि मला परत ठेवलं.

ती हैदराबादला रिकाम्या हातानं गेली. तिथून फोन करते, "अव्वा, पाणी जरा कमी घाल ग."

"लिंगाला पाणी कमी? तुज्या कालिजात असंच शिकवत्यात व्हय?"

अव्वा माझ्यावर लई माया करते. रोज सकाळी पाणी, रोज विभूती. रोज माझा एखादा थर सुटतो, आणि ते काळसर पाणी ती अंगणातल्या कण्हेरीच्या बुडाशी ओतते. कण्हेर मात्र जोरात आहे.

आता कबूल करतो. एक गोष्ट मी रचून सांगितली. माझे भाडेकरू पळाले नव्हते. पळणार कुठं? लांबपर्यंत समुद्र तसाच झाला होता. जिथं श्वास संपला, तिथंच ते पडले, माझ्यात रुतले. माझा काळा रंग त्यांचा आणि त्या शेवाळाचा आहे. पळाले असं म्हटलं की रागावता येतं, म्हणून म्हणत आलो.

काव्याचं मात्र मी काहीच रचलेलं नाही.

अव्वा, तांब्या जरा हळू ओत. कण्हेरीला जातंय ते माझं घर आहे, भरलेलं.